जुना सिनेमा घरी का येत नाही?



बैठकीत हिशोब उरकला की आपल्या गप्पा सिनेमावर येतात. मग प्रश्न ठरलेला: जुन्या सिनेमांच्या चांगल्या सीडी का मिळत नाहीत?

‘कुंकू’च घ्या. १९३७ चा, पुण्याच्या प्रभात कंपनीचा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटेंची ही नीरा आपल्या लेकींनी बघायलाच हवी.

पण सीडी काढायला आधी धड प्रत लागते. तेव्हाची नायट्रेटची फिल्म चटकन पेटायची, नाहीतर चिकट होऊन तिचा भुगा व्हायचा. ‘आलम आरा’ हा १९३१ चा देशातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. प्रत असली तरी सेकंदाला २४ चित्रं, दोन तासांची पावणेदोन लाखांच्या आसपास. ती साफ करून संगणकावर घ्यायची म्हणजे खर्च आला. शिवाय सिनेमाचा हक्क ६० वर्षांचा. तोवर मालक वारला, तर सातबाऱ्यासारखी वारसांची नावं शोधत बसा.

जुन्या प्रती पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून जपतात. एकटीने मागून सीडी निघत नाही, पण आपण पाच-सहा गटांनी मिळून संग्रहालयाला पत्र लिहून गावात एक खेळ मागून बघू. मसुदा मी करते, सह्या पुढच्या बैठकीत घेऊ.