पुंगळीच्या चकाकीमागचे शिसे

अमेरिकेत नेमबाजीचा किंवा शिकारीचा छंद असलेले अनेक जण गोळी झाडल्यावर काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. ती घरी आणून घासूनपुसून लख्ख करतात आणि नवा प्राइमर, नवी दारू, नवी गोळी बसवून पुन्हा वापरतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.) हे काम चालते घरच्या गॅरेजमध्ये, नाहीतर तळघरात. त्यात दारूला सगळे जपतात. पुंगळ्या घासणे मात्र भांडी घासण्याइतके साधे समजले जाते, आणि घात तिथेच होतो.

बहुतेक प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे स्फोटक संयुग असते. ठिणगी पडल्यावर त्यातले काही शिसे काजळीसारखे पुंगळीच्या आत चिकटून राहते. घासण्याची जुनी पद्धत कोरडी. थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाच्या दांड्याचा भरडा घालायचा आणि त्यात पुंगळ्या काही तास हलू द्यायच्या. पितळ चमकते, पण काजळी भरड्यात उतरते. मग तो भरडा चाळला की शिसेयुक्त धूळ उडते. ती श्वासातून आत जाते, हातांवरून जेवणात जाते, कपड्यांवरून घरातल्या रांगत्या मुलापर्यंत पोहोचते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते, तेही अनेक वर्षे. मोठ्यांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. मुलांच्या वाढत्या मेंदूचे नुकसान तर भरून येत नाही. मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम शिसे सापडले तरी अमेरिकेची सीडीसी ही संस्था 2021 पासून लक्ष घालायला सांगते. याचा अर्थ त्याखाली सारे सुरक्षित, असा नव्हे. शिशाची सुरक्षित पातळी अजून कोणालाच ठाऊक नाही.

त्यापेक्षा ओली पद्धत बरी. फिरत्या डब्यात पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टीलच्या बारीक काड्या घालतात. धूळ उडतच नाही. चिंचेने किंवा लिंबाने तांब्या-पितळेची भांडी उजळणाऱ्यांना यातले रसायनशास्त्र नवे नाही: आम्ल धातूवरचा काळपट थर विरघळवते. मात्र काडतुसाच्या पितळेत सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. आम्लात फार वेळ राहिल्यास जस्त निघून जाते आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. शिसे अर्थातच त्या काळ्या पाण्यात उतरलेले असते. ते स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचे नसते.

अमोनिया असलेले पॉलिश तर नकोच. त्याची गोष्ट आपल्याकडचीच आहे. ब्रिटिश अमलात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली लष्करी काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळेत उरलेला ताण यांचा तो परिणाम होता. त्याचा पुरता उलगडा व्हायला 1921 साल उजाडले.

हा छंद करणाऱ्यांना डॉक्टर सांगतात ते साधेच आहे. कामाच्या जागी खाणे-पिणे, सिगारेट नको. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. कपडे वेगळे धुवावेत. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना तिकडे फिरकू देऊ नये. आणि रक्तातले शिसे अधूनमधून तपासून घ्यावे, कारण ते बरेच वाढेपर्यंत काहीच जाणवत नाही.