हात दिसू द्या, आवाज ऐकू द्या

नालासोपारा असो, विरार असो की वसईची पापडी, मोबाईलवर व्हिडिओ न पाहणारे घर आता क्वचितच सापडेल. व्हिडिओ बनवणारी घरे मात्र मोजकीच. आम्ही शिक्षक पालकसभेत मातांशी बोलतो, तेव्हा कळते की कुणाच्या हाती शिवणकाम आहे, कुणाच्या हाती मेहंदी, तर कुणी तांदळाच्या रोट्या अशा करते की सुनेला अजून तशा जमत नाहीत. हा हुनर कुठल्या वहीत लिहिलेला नाही. दादी-नानीबरोबर तो निघून जाईल. मग व्हिडिओ का करत नाही? उत्तरे तीन: कॅमेरा नाही, एडिटिंग येत नाही, चेहरा दाखवायचा नाही. पहिल्या दोन अडचणी सहज सुटतात आणि तिसरी मुळात अडचणच नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे उदाहरण घ्या. चॅनेल सुरू झाले तेव्हा वय सत्तरीच्या आसपास. २०२० मध्ये त्यांचा किशोरवयीन नातू यश पाठक याच्या साथीने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू झाले. सुरुवातीला त्यांना कॅमेऱ्यासमोर संकोच वाटे. स्वयंपाक आजीचा, मोबाईल नातवाचा, अशी वाटणी झाली आणि लाखो लोक त्यांना पाहू लागले. अशी जोडी आपल्याही घरात आहेच.

आधी हात टिपा, आवाज नंतर

ज्यांना चेहरा दाखवायचा नाही, त्यांनी फक्त हात दाखवावेत. शिकणाऱ्याचे लक्षही हातांकडेच असते. फोन स्टूलवर पुस्तकांच्या थप्पीला टेकवून आडवा ठेवा. मेहंदी किंवा शिवण वरून टिपायची असेल, तर दोन उंच डब्यांवर फळी ठेवा आणि फोनचा कॅमेरा फळीच्या कडेबाहेर येईल असा फोन ठेवून वर वजन द्या. चुलीवरचे काम मात्र बाजूने टिपा, नाहीतर वाफेने काच धूसर होते. खिडकी पाठीमागे नको, समोर किंवा बाजूला असावी. सुरू करण्यापूर्वी कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच कॉल येणार नाही.

चित्र थोडे कमी-जास्त असले तरी लोक पाहतात, पण आवाज कळला नाही की लगेच पुढे सरकतात. आपल्या इमारतींत पंखा, शेजारचा टीव्ही, खाली पाण्याचा टँकर आणि लांबून लोकलचा आवाज असतोच. म्हणून हातांचे काम दिवसाच्या उजेडात टिपा आणि बोलणे नंतर वेगळे रेकॉर्ड करा. फजरनंतरची वेळ त्यासाठी उत्तम. पडदे, गाद्या असलेल्या खोलीत पंखा बंद करून, फोन वीतभर अंतरावर धरून बोला. आधी दहा सेकंद बोलून ऐकून पाहा. भाषा घरात बोलता तीच ठेवा. कोकणी मुस्लिम घरांतली बोली ऐकायला मिळणे हीसुद्धा नातवंडांसाठी ठेवच आहे.

एडिटिंग म्हणजे निवडणे

तांदूळ निवडतो तसेच हे काम आहे. खडे काढायचे, दाणे ठेवायचे. यूट्यूब क्रिएट, इनशॉट, काइनमास्टर अशा ॲपमध्ये चार गोष्टी शिकल्या की पुरे: सुरुवातीचा आणि शेवटचा फालतू भाग कापणे, मधल्या रिकाम्या जागा काढणे, तुकडे जोडणे आणि वर आपला आवाज चढवणे. साहित्याचे प्रमाण अक्षरांत दाखवा. दुसऱ्याचे गाणे किंवा नशीद परवानगीशिवाय लावू नका, हक्काचा दावा येऊ शकतो. लांबीची चिंता नको. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी सहसंस्थापक जावेद करीम यांनी टाकला, तो जेमतेम १९ सेकंदांचा होता.

घराची अमानत

पोस्ट करण्याआधी व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहा. मागे आरशात कुणी दिसते का? लाईट बिलावरचा पत्ता, मुलाच्या गणवेशावरचे शाळेचे नाव दिसते का? घरातल्या ज्या व्यक्तीचा आवाजही येतो, तिची इजाजत घ्या. मुलांनाही विचारा. फक्त नातेवाइकांना दाखवायचे असेल, तर ‘अनलिस्टेड’ निवडा, म्हणजे तो शोधात येत नाही, लिंक असलेल्यालाच दिसतो. पण लिंक पुढे पाठवली जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवा. ‘आपली आजी’ चॅनेल २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक झाले होते, काही दिवसांनी परत मिळाले. म्हणून पहिल्याच दिवशी गुगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.

कमाईचा विचार आधी नको. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी यूट्यूबला १,००० सबस्क्रायबर आणि शिवाय १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेले व्हिडिओ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. घरच्या दादी-नानीचा हुनर जपायला मात्र एकही सबस्क्रायबर लागत नाही.

या महिन्यात एकच करा. घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या बाईला विचारा, “तुमच्या हातचे काय आहे, जे आम्हाला अजून जमत नाही?” उत्तर मिळाले की फोन स्टूलवर ठेवा. पहिला व्हिडिओ दोन मिनिटांचा झाला तरी पुष्कळ. दुसरा इन्शाअल्लाह सोपा जाईल.