वेरॉनिका लेकचा अखेरचा सिनेमा

१९४०च्या दशकात उजव्या डोळ्यावर उतरणाऱ्या सोनेरी बटेने नटी वेरॉनिका लेकने अमेरिकेला वेड लावलं होतं. युद्धकाळात कारखान्यांतल्या बायका तिची नक्कल करत, केस यंत्रात अडकायची भीती. म्हणून सरकारच्या सांगण्यावरून तिने ती बट मागे घेतली. पुढे प्रसिद्धी ओसरली, आणि १९६२मध्ये ती मॅनहॅटनच्या एका हॉटेलात गिऱ्हाइकांना दारू देताना सापडली.

‘फ्लेश फीस्ट’ (१९७०) हा तिचा शेवटचा सिनेमा. फ्लोरिडात किरकोळ पैशात उरकलेला, दिग्दर्शक ब्रॅड ग्रिंटर, निर्मितीत तिचाही वाटा. ती यात शास्त्रज्ञ आहे. मांस खाणाऱ्या अळ्या वापरून तारुण्य परत आणायचे प्रयोग करते. रुग्ण कोण? चक्क हिटलर! छळछावणीतल्या प्रयोगांत आई गेली, त्याचा सूड म्हणून ती त्याला टेबलाशी जखडते आणि मुठीमुठीने अळ्या तोंडावर फेकते.

बाकी सिनेमा रटाळ. संवाद लाकडी, छायाचित्रण अंधारं. पण त्या शेवटच्या प्रसंगात लेक जी खदाखदा हसते, तेवढ्यापुरता तो जरूर पाहावा. १९७३मध्ये, वयाच्या पन्नाशीत, ती व्हरमाँटमध्ये वारली.