पळणारं पोर आणि उघडं शेततळं

खतांच्या मात्रा सांगणारा माणूस आज लेकरांच्या दुखण्याबद्दल का लिहितो, असं तुम्ही म्हणाल. निमित्त शेततळ्याचंच आहे.

मापं घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीत नऊ वर्षांचा मुलगा, पाय दोरीनं बाजेला बांधलेला. आई म्हणाली, "साहेब, सोडलं की तळ्याकडं पळतंय. हाका मारल्या तरी वळून बघत नाही."

पोरगं वाह्यात नव्हतं. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली होती, म्हणजे ऑटिझम. अशा बऱ्याच मुलांना जोडीला अतिचंचलताही असते. मोटारीच्या पाण्याच्या धारेकडं तासभर बघत बसतील, पण शाळेत पाच मिनिटं बूड टेकणार नाही. पूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच मुलाला लावत नसत. डॉक्टर ज्या अमेरिकी निदान-पुस्तकाचा आधार घेतात, त्यात 2013 साली बदल झाला. तेव्हा जुन्या कागदावर नुसती स्वमग्नता लिहिली असेल, तर चंचलतेचं पुन्हा विचारा. तिच्यावर औषध आहे. मात्र या मुलांना त्याचा गुण जरा कमी येतो अन् त्रास जास्त होऊ शकतो. म्हणून डॉक्टर थोड्या मात्रेनं सुरू करतात. आपल्या मनानं दुकानातून आणू नका. मारून तर काहीच साधत नाही. एका वेळी एकच काम सांगा, तेही छोटं, आणि रोजचा क्रम मोडू नका.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन् सरकारी शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. मूल लपवू नका, दाखवा. ते पुढं जिल्ह्याला पाठवतात. 2016 च्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांत स्वमग्नता आहे, त्यामुळं प्रमाणपत्रही मागता येतं.

आता पाण्याचं. या मुलांना पाण्याची ओढ फार, आणि बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. प्लॅस्टिक कागदाचं तळं निसरडं असतं, पडलेला गडीमाणूससुद्धा वर चढत नाही. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण घाला, फाटकाची कडी उंच ठेवा, गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. सरपंच, पोलीस पाटील, बिनकठड्याच्या विहिरींची यादी करायला किती वेळ लागतो? आणि असं मूल हरवलं, तर पहिला माणूस पाण्याकडं पळवा.

त्या वस्तीवर आता कुंपण झालंय. जिल्ह्याच्या तपासणीची तारीख अजून यायची आहे. बाजेची दोरी मात्र सुटली.