शेताचा गाळ, गावाचे तळे

आपल्या बुलढाणा जिल्ह्याची कीर्ती जगभर नेणारे लोणार सरोवर 2020 साली रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. इराणमधील रामसर या शहरी 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव पडले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरनंतर हा मान मिळालेले लोणार हे महाराष्ट्रातील दुसरे स्थळ होय. याचा आपणांस अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु जिल्ह्यातील पाणथळ जागा म्हणजे केवळ लोणार नव्हे.

पाणथळ कशाला म्हणावे?

जेथे वर्षभर किंवा वर्षातील काही महिने पाणी साचून राहते व त्या पाण्यावर वनस्पती, मासे, पक्षी जगतात, अशी जागा म्हणजे पाणथळ. रामसर करारानुसार ती माणसाने बांधलेली असली तरी चालते. त्या अर्थाने सिंदखेड राजाचा मोती तलाव, पैनगंगेवरील येळगाव धरण, खडकपूर्णा प्रकल्पाचा संत चोखासागर व गावोगावचे लहानमोठे तलाव या सर्व पाणथळ जागाच आहेत. मात्र केंद्र सरकारच्या 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळण्यात आले आहेत. म्हणजे लोणारला कायद्याचे कुंपण आहे, पण आपल्या गावच्या तलावाला या नियमांचे संरक्षण नाही. त्याचे रक्षण गावकरी आणि भोवतालचे शेतकरी यांनी आपसात मिळूनच करावे लागेल.

शेताचा आणि तळ्याचा संबंध

तळे मरते ते बहुधा काठावर नव्हे, तर वरच्या शिवारात. उताराच्या दिशेने पेरणी केली की पहिल्या जोरदार पावसात सुपीक माती नाल्यात व नाल्यातून तलावात जाते. तिच्याबरोबर कपाशी-सोयाबीनवर मारलेली औषधे व रासायनिक खतेही जातात. खतामुळे पाण्यात शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. खुद्द लोणारच्या विवरातही पूर्वी केळी, पपई, मका अशी पिके घेतली जात आणि त्यांची खते-औषधे सरोवराकडे जात असत.

नगदी पिकाचा नफा एकाच्या घरी जातो आणि गाळाचा तोटा साऱ्या गावाच्या नावे पडतो. हा हिशेब जुळवायचा असेल तर शेतकऱ्याला तलावाचा भागीदार करून घेतले पाहिजे.

गाळाची भागीदारी

अशी भागीदारी आपल्या जिल्ह्याने करून पाहिली आहे. राज्य शासनाने 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली. 2018 मध्ये भारतीय जैन संघटना आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' अभियान हाती घेतले. यंत्रे संघटनेची, इंधन शासनाचे आणि गाळाची वाहतूक शेतकऱ्याची, अशी वाटणी ठरली. याखेरीज तलाव व नाले खोल करून निघालेली माती-मुरूम महामार्गाच्या कामाला वापरण्याची पद्धत तर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

यातील गणित विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक ब्रास गाळ काढला की तलावात सुमारे 2,800 लिटर पाण्याची जागा होते. एका एकरावर 400 घनमीटर गाळ पसरला तर सुमारे 10 सेंटिमीटरचा थर होतो आणि तलावात 4 लाख लिटरची जागा मोकळी होते. मुरमाड, हलक्या जमिनीत हा गाळ ओल धरून ठेवतो. मुळात काळ्या, भारी जमिनीला मात्र तो माती तपासूनच घालावा.

लाभ कोणाला?

येथेच खरा प्रश्न आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो गाळ नेतो. एक-दोन एकरवाला भाडे परवडत नाही म्हणून मागे राहतो. ही अडचण ओळखून 2023 मध्ये शासनाने अल्पभूधारक, विधवा व अपंग शेतकरी तसेच आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबे यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला 35 रुपये 75 पैसे, एकरी 15 हजारांच्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत देण्याची तरतूद केली. पण ज्याला शेतच नाही त्याचे काय? तळ्यावर मासेमारी करणारी कुटुंबे आहेत, गुरे पाजणारे आहेत, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारे भूमिहीन आहेत. महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क असल्याचे दाखवून दिले. मग तळ्याबद्दलचा निर्णय केवळ सातबारा असणाऱ्यांनी का घ्यावा?

करार कसा असावा?

म्हणून ग्रामसभेत सर्वांसमक्ष लेखी ठराव व्हावा. शेतकऱ्यांनी उताराला आडवी पेरणी करावी, नाल्याकाठी गवताचा पट्टा राखावा, फवारणीचे पंप तलावात धुऊ नयेत. मोटारी कोणत्या पातळीला बंद करायच्या हे आधीच ठरवावे, म्हणजे उन्हाळ्यात मासे व गुरे यांना पाणी उरेल. गाळ काढताना बंधाऱ्याचा पाया उकरू नये. काठ सरळ कापू नयेत; उथळ काठावरच पाणपक्षी चरतात, आणि खोल खड्ड्यांत मुले बुडण्याचा धोका असतो.

शेतकऱ्याचाही यात फायदा आहे. जपानमध्ये 1971 साली रानातून नाहीसा झालेला करकोचा परत आणण्यासाठी तोयोओका येथील शेतकऱ्यांनी भातशेतीतील औषधे कमी केली, शेतात पाणी अधिक काळ राखले. 2005 मध्ये तेथे करकोचे पुन्हा मोकळे सोडण्यात आले आणि त्या शेतांतील तांदूळ करकोच्याच्या नावाने चढ्या भावाने विकला जाऊ लागला.

आपल्या सभासदांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या तलावाची वही करावी. किती गाळ निघाला, कोणाच्या शेतात गेला, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकले, त्यावर कोणाकोणाचे पोट आहे, हे सर्व लिहावे. अशी नोंद हाती असेल तर ज्याला शेत नाही त्याचाही शब्द ग्रामसभेत ऐकला जाईल.