सरकती कळ आणि काचेची पाटी

पंच ज्ञानेंद्रियें व पंच कर्मेंद्रियें यांचीं नांवें आम्हीं मुलांकडून अनेक वर्षें पाठ करून घेतलीं. त्वचा ही जाणणाऱ्यांच्या पंक्तींत बसते आणि हात हा करणाऱ्यांच्या पंक्तींत, हें शिकवितांना या दोघांचा मुक्काम एकाच बोटाच्या अग्रावर आहे, ही गोष्ट मात्र आमच्या ध्यानांत कधीं आली नव्हती. ती गेल्या आषाढांत आली, आणि तीही गाण्यांतील आवाज जुळविण्याच्या एका यंत्रामुळें.

आमच्या कुटुंबाचें देहावसान होऊन तेव्हां वर्ष होत आलें होतें. तिला भजनांची फार आवड. गळा गोड, पण श्वास अपुरा. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें तिचीं चार भजनें घरींच ध्वनिमुद्रित केलीं होतीं. आवाज, तंबोरा व तबला हे तिन्ही वेगवेगळे घेतलेले. त्यांपैकीं कोणता कोठें किती ठेवावा हें ठरवून सर्वांचें एक गाणें करणें, यासच मिक्सिंग म्हणतात. वर्षश्राद्धाच्या दिवशीं घरच्या मंडळींस एक भजन ऐकवावें असें ठरलें. "काका, काकूचा आवाज कुठें उचलायचा तें तुम्हांलाच ठाऊक," असें म्हणून पुतण्यानें टॅब्लेट आमच्या हातीं दिला.

काचबिंदूमुळें आमची दृष्टि अधू झालेली. काचेवर चित्रांतली कळ कोठें आहे हें बोटास कळेना. शोधावयास बोट टेकावें तों आवाज एकदम नाहींसा व्हावा. तिसऱ्या खेपेस तर तंबोराच गर्जूं लागला. आम्हीं टॅब्लेट खालीं ठेवला. गेलेल्या माणसाचा आवाज आपल्याच बोटानें पुसला जावा, हें आम्हांस सोसेना.

दुसरे दिवशीं पुतण्यानें मित्राकडून खऱ्या कळांचें यंत्र आणलें. उभ्या खांचेंत वरखालीं सरकणारी जी कळ, तिला फेडर म्हणतात. डोळे मिटून आम्हीं हात फिरविला. पहिली, दुसरी, तिसरी कळ बोटांस सांपडली, आणि गाणें तिळभरही हललें नाहीं. येथें चांचपणें निराळें आणि सरकविणें निराळें. आधीं त्वचेनें जाणावें, मग हातानें करावें. काचेवर हा क्रमच नाहींसा होतो; जाणण्यासाठीं टेकलेलें बोट हीच तेथें आज्ञा ठरते. आमच्या मतें काच कीं कळ या वादाचें मर्म एवढ्यांतच आहे.

ही सरकती कळ आरंभापासून नव्हती. पूर्वीं स्टुडिओंत गोल फिरविण्याच्या मोठ्या कळा असत, व एका हातानें एकच फिरवितां येई. न्यूयॉर्क येथील अटलांटिक रेकॉर्ड्समधील ध्वनितज्ज्ञ टॉम डाउड यांनीं १९५० च्या दशकांत त्यांच्या जागीं सरळ सरकणाऱ्या कळा बसविल्या, आणि बोटें पसरून अनेक आवाज एकदम सांभाळतां येऊं लागले. पुढें चांगल्या फेडरला सरकण्यास १०० मिलिमीटर जागा देण्याचा प्रघात पडला. खांचेशेजारच्या खुणाही समान अंतरावर नसतात. शून्याजवळ विरळ आणि तळाशीं दाट असतात, कारण नेहमींचें नाजूक काम शून्याच्या आसपासच चालतें.

१९७७ च्या सुमारास इंग्लंडमधील नीव्ह कंपनीनें मोटर लावलेल्या कळा आणल्या. एकदां केलेली हालचाल यंत्र लक्षांत ठेवी, आणि पुढच्या वेळीं कळा आपोआप तशाच सरकत. मग माणसानें मध्येंच हात घालावा कसा? अशा आजच्या यंत्रांत कळेचा माथाच स्पर्श ओळखतो, आणि बोट लागतांच मोटर आपला हट्ट सोडते. गुरुजींचा हात लागतांच शहाण्या मुलानें लेखणी ढिली सोडावी, तसेंच हें.

काचेची बाजूही ऐकली पाहिजे. फ्रान्समध्यें बोर्दो येथील जॅझम्यूटंट या कंपनीनें २००५ मध्यें अनेक बोटांचा स्पर्श एकदम ओळखणारें लेमूर नांवाचें यंत्र विक्रीस आणलें. २०१० मध्यें आयपॅड निघाला आणि तशी पाटी सामान्य घरांतही शिरली. तिच्यावरील कळा हव्या तशा मांडतां येतात. शिवाय मिक्सरशीं बिनतारी जोडलेली पाटी घेऊन मनुष्य सभागृहाच्या शेवटच्या रांगेंत जाऊन बसूं शकतो; तेथील श्रोत्यास काय ऐकूं येतें हें तेथें बसल्यावांचून कळत नाहीं. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठांतील संशोधकांनीं तर दोहोंचा मेळ घातला. त्यांच्या रिॲक्टेबल या उजळ गोल मेजावर खरेखुरे ठोकळे ठेवावे, फिरवावे. खालचा कॅमेरा त्यांच्यावरील खुणा ओळखतो आणि त्याप्रमाणें ध्वनि बदलतो. गायिका ब्यॉर्क यांनीं २००७ च्या आपल्या दौऱ्यांत हें मेज वापरलें.

नुसत्या काचेलाही सुधारण्याचा मार्ग आहे. बोट टेकलें तेथें कळेनें उडी मारूं नये; बोट जितकें सरकेल तितकीच तिनें सरकावें. म्हणजे स्पर्श हा केवळ प्रश्न राहतो, आज्ञा होत नाहीं. ही सोय पुतण्याच्या टॅब्लेटमध्येंही होती. ती बंद होती, हें मागाहून समजलें!

श्राद्धाच्या आदल्या रात्रीं आम्ही कळांपुढें बसलों. ओळ संपतां संपतां तिचा श्वास संपे आणि शेवटचा शब्द तंबोऱ्यांत बुडे. ती जागा चाळीस वर्षें ऐकलेल्या कानासच ठाऊक. आम्हीं डोळे मिटून तेथें कळ किंचित् वर नेली व ओळ सरतांच पूर्ववत् केली. "काका, हें मला जमलें नसतें," पुतण्या म्हणाला. त्याला यंत्र येतें, आम्हांस ती जागा. ज्याला ऐकावयाचें कळतें त्याच्या हाताला तें यंत्र चालवितां आलें पाहिजे, याहून मोठा नियम अशा यंत्रांच्या रचनेंत आम्हांस दिसत नाहीं. वाचकांनींही वडील माणसांसाठीं कोणतेंही उपकरण घेतांना एकदां डोळे मिटून त्यावर हात फिरवून पाहावा.

दुसरे दिवशीं माजघरांत भजन लागलें. शेवटचा शब्द सर्वांस ऐकूं आला.