चिपची आशा आणि विकलेला कॉल
लेखांक ९

मागच्या लेखांकात कॉल ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क, विकत घेणाऱ्याची बाजू पाहिली. आज विकणाऱ्याची पाहू, तीही अशा माणसाची, ज्याच्या डीमॅटमध्ये शेअर आधीच आहेत आणि जो ते पाच-दहा वर्षे ठेवणार आहे. अशा शेअरवर कॉल विकणे म्हणजे कव्हर्ड कॉल.

उदाहरणाला कंपनी भोपाळजवळचीच घेऊ. नर्मदापुरम रस्त्यावर मंडीदीपला सीजी पॉवरचा कारखाना आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही क्रॉम्प्टन ग्रीव्हज हेच नाव. पिपलानी-बरखेड्यात राहिलेल्या भेलच्या निवृत्त मंडळींना या कंपनीचा मूळ धंदा समजावून सांगायला नको. आता तिने रेनेसास ही जपानी आणि स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स ही थाई कंपनी सोबत घेऊन गुजरातेत साणंदला ७,६०० कोटींचा चिप प्रकल्प हाती घेतला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २९ फेब्रुवारी २०२४ ला मिळाली, प्रायोगिक उत्पादनाच्या लाइनचे उद्घाटन २८ ऑगस्ट २०२५ ला झाले. इथे चिप कोरली जात नाही. दुसरीकडे तयार झालेल्या सिलिकॉनच्या चकत्या कापून, आवरणात बसवून तपासल्या जातात. कंपनीचा मुख्य धंदा आजही विद्युत मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर आणि रेल्वेच्या सामानाचाच आहे. चिपची कमाई पुढची आहे, आणि ती पुढची कमाई डोळ्यांपुढे ठेवूनच अनेकजण हा शेअर धरून बसले आहेत.

समजा, भाव ७०० रुपये आहे आणि लॉट ८०० शेअरचा. (लॉट एक्स्चेंज वेळोवेळी बदलते, आकडे फक्त हिशेबासाठी.) तुम्ही ७४० चा कॉल १२ रुपयांना विकलात. ९,६०० रुपयांचा प्रीमियम हातात आला. महिनाअखेर भाव ७४० च्या खाली राहिला, तर ते पैसे तुमचे आणि शेअरही तुमचेच. भाव ८०० झाला, तर ८०० शेअर ७४० ने द्यावे लागतात. प्रीमियम धरून ७५२ पडले, म्हणजे ३८,४०० रुपयांची वाढ हातची गेली. भाव ६०० वर आला, तर ८०,००० च्या घसरणीपुढे ९,६०० चा आधार.

दलाल याला ‘शेअरचे भाडे’ म्हणतात. माझ्या मते हा विसार घेऊन केलेला साठेखताचा करार आहे. ठरल्या भावाला जमीन द्यायची की नाही, हे ठरवणारा समोरचा असतो.

म्हणून कॉल निवडताना पहिला प्रश्न प्रीमियमचा नसावा. ७४० ला हे शेअर खरोखर द्यायची तयारी आहे का? सीजी पॉवरचाच इतिहास पाहा. २०१९ मध्ये हिशेबातले गैरव्यवहार उघड झाले. २०२० मध्ये मुरुगप्पा समूहाच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने ८.५६ रुपयांनी शेअर घेऊन कंपनी ताब्यात घेतली. चार वर्षांत तोच शेअर ७०० च्या वर गेला. अशा शेअरमध्ये दरमहा वरची वाढ विकत गेलेल्याच्या हाती फक्त प्रीमियम राहतो, आणि पडझड मात्र सगळी त्याच्याच वाट्याला येते.

तीन-चार लॉट असतील, तर एकावर कॉल विकणे मला पटते. ज्याच्याकडे एकच लॉट आहे, त्याने यात पडू नये. आपल्याकडे अर्ध्या लॉटवर कॉल विकता येत नाही. ज्याच्याकडे लॉटपेक्षा कमी शेअर आहेत, त्याने तर मुळीच नाही. न झाकलेल्या भागाच्या तोट्याला मर्यादा नसते.

२०१९ पासून आपल्याकडे शेअरवरच्या सगळ्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊनच होते. मार्जिनसाठी शेअर तारण ठेवले असतील, तर एक्सपायरीआधी ते सोडवून घ्या, नाहीतर देण्याच्या दिवशी ते अडकलेले असतील आणि लिलावाचा भुर्दंड बसेल. शेअर द्यायचेच नसतील, तर विकलेला कॉल मुदतीपूर्वी परत विकत घेता येतो. भाव चढलेला असेल तर तो महाग पडतो.

करातही फरक पडतो. शेअर वर्षभराहून जास्त ठेवून विकले, तर सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. प्रीमियम मात्र धंद्याचे उत्पन्न धरले जाते आणि त्यावर तुमच्या स्लॅबने कर बसतो. आजवर पेन्शन आणि ठेवींचे व्याज दाखवून आयटीआर-१ भरणाऱ्याला एका विकलेल्या कॉलमुळे आयटीआर-३ भरावा लागेल. सीएची फी त्या ९,६०० मधूनच जाईल, तेव्हा ती आधी विचारून घ्या.